हळदीचा डाग, तीन हजारांचं डिपॉझिट आणि माझं अर्धवट वकीलपण

प्रकरण तसं किरकोळ. फ्रीमाँटमधलं भाड्याचं टू बेडरूम, तीन हजार डॉलर डिपॉझिट, किचनच्या ओट्यावर हळदीचा एक डाग, आणि त्यात नाक खुपसलेली मी. पण कम्युनिटी कॉलेजात पॅरालीगल शिकायला बसलेल्या माणसाचं घोडं नेमकं कुठे अडतं ते या एका प्रकरणात मला जेवढं दिसलं तेवढं दोन सेमिस्टरच्या नोट्समध्ये दिसलं नव्हतं, म्हणून पहिल्यापासून सगळं लिहून काढतेय. नावं कुणाचीच देत नाही.

आधी माझं थोडंसं. मी साताऱ्याकडची. एलएलबी, सनद, आणि तालुका कोर्टात साडेचार वर्षं ज्युनिअर म्हणून काढलेली, म्हणजे तारखा घेणं, मुदतीचे अर्ज देणं, कैफियत टायपिस्टकडून करून आणणं, आणि सिनियर कोर्टात अडकले की ऑफिसात येऊन बसलेल्या पक्षकाराला चहा पाजत "काळजी करू नका, होईल" म्हणणं. मग लग्न, मग कॅलिफोर्निया. एच-फोरवर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकता येतं पण कमावता येत नाही हे इथल्या प्रत्येक डिपेंडंट बाईला पाढ्यासारखं पाठ असतं, नवऱ्याचं आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर झालं की ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, काढता येतं ही सोय २०१५ पासून आहे, पण तोवर काय करायचं? दीड वर्ष मी पोळ्या लाटल्या आणि सगळ्या सिरीयली बघून संपवल्या, आणि एक दिवस नवराच म्हणाला की तू घरात माझीच उलटतपासणी घ्यायला लागलीयस, काहीतरी शिक.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याकडच्या ज्युनिअर कॉलेजसारखं काहीतरी असेल असं मला वाटलं होतं, तसं ते नाही. दोन वर्षांची असोसिएट डिग्री किंवा त्याहून छोटं सर्टिफिकेट, प्रवेशाला मेरिट लिस्ट वगैरे काही नाही, बारावी झालेला कुणीही येऊन बसू शकतो. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि राज्याचा रहिवासी असलात तर युनिटला ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिटचा कोर्स १३८ डॉलरला पडतो. (पुस्तक त्याच्यापेक्षा महाग, ते सोडा.) रहिवासी ठरायला वर्षभराहून जास्त इथे राहिल्याचं आणि इथेच राहायचा इरादा असल्याचं दाखवावं लागतं, एच-फोरवाल्यांना ते दाखवता येतं, एफ-वनवाल्या, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या, पोरांना नाही. माझ्या वर्गात ४६ डॉलरवाले आणि त्याच्या कितीतरी पट भरणारे शेजारी शेजारी बसायचे.

पॅरालीगल म्हणजे काय ते साताऱ्याच्या भाषेत सांगायचं तर वकिलाचा कारकून, टायपिस्ट आणि ज्युनिअर यांचं मिश्रण, फक्त शिकलेलं आणि पगारी. संशोधन करायचं, मसुदे करायचे, साक्षीदारांशी बोलायचं, फायली लावायच्या, आणि हे सगळं वकिलाच्या देखरेखीखाली. आपल्याकडे तालुका विधी सेवा समितीत पॅरा लीगल व्हॉलंटियर असतात, नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) २००९ पासून ती योजना आणली, पण ते स्वयंसेवक असतात, इथे हा धंदा आहे. बाकी बऱ्याच राज्यांत कुणीही स्वतःला पॅरालीगल म्हणवून घेऊ शकतं, कॅलिफोर्नियात २००१ पासून तसं चालत नाही. बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडचं कलम ६४५० आहे, त्यात कोण पॅरालीगल आणि कोण नाही ते लिहिलंय: एक तर अमेरिकन बार असोसिएशनने मान्य केलेल्या प्रोग्रॅमचं सर्टिफिकेट, नाहीतर मान्यताप्राप्त कॉलेजात कायद्याचे किमान २४ युनिट केल्याचं, नाहीतर पदवी आणि वर्षभर वकिलाकडचा अनुभव. आणि शिवाय वकिलाकडे काम करत असलात तरच! हे शेवटचं वाक्य मी परीक्षेत बरोबर लिहिलं होतं. पूर्ण मार्क पडले होते.

पहिल्या सेमिस्टरला सोबत एक क्रिमिनल जस्टिसचा विषय घेतला. इथल्या कॉलेजांत त्याला ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस म्हणतात. पोलिसांनी कॉलेजात जावं ही कल्पना मूळची इकडचीच, बर्कलीचा पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर याने १९१६ मध्ये तिथल्या युनिव्हर्सिटीत पोलिसांसाठी वर्ग सुरू केले, आणि १९६८ च्या केंद्रीय कायद्याने शिकणाऱ्या पोलिसांच्या फीसाठी पैसा ओतला तेव्हा हे कोर्स गावोगावच्या कॉलेजांत उगवले. माझ्या वर्गात पोलीस व्हायचं म्हणून आलेली पोरं होती (त्यातला एक ग्रीन कार्डवाला, २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाने नागरिकत्वाची अट काढली म्हणून त्याला आशा), एक लष्करातून परतलेला, एक आजी जिला नुसतं समजून घ्यायचं होतं, आणि एक पंचेचाळिशीचा माणूस ज्याने पहिल्याच दिवशी सांगितलं की मी आत जाऊन आलोय आणि आता मला हे बाहेरून शिकायचंय. वर्गात सगळ्यात चांगले प्रश्न तो विचारायचा.

मला तिथे पहिला धक्का बसला तो प्ली बार्गेनिंगचा, म्हणजे गुन्हा कबूल करून शिक्षेत सवलत घ्यायच्या सौद्याचा. आपल्याकडे ते २००६ पासून कायद्यात आहे, मी साडेचार वर्षांत एकदाही वापरलेलं पाहिलं नाही, आणि इथे मात्र तोच राजमार्ग. सुप्रीम कोर्टाने २०१२ च्या मिसुरी विरुद्ध फ्राय निकालात आकडा दिलाय, केंद्रीय खटल्यांतल्या ९७ टक्के आणि राज्यांच्या खटल्यांतल्या ९४ टक्के शिक्षा गुन्हा कबूल करूनच होतात. म्हणजे खटला चालतच नाही, सगळा खेळ सल्ल्यावर. कबूल कर किंवा करू नको हे कोण सांगतं आणि काय माहितीवर सांगतं यावर माणसाचं आयुष्य. त्यावरच पडिया विरुद्ध केंटकी, २०१०. होंडुरासमध्ये जन्मलेला, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेकडून लढलेला माणूस, गांजा वाहून नेल्याचा आरोप, वकील म्हणाला तू इतकी वर्षं इथे आहेस, तुला कुणी बाहेर काढणार नाही, कबूल कर. त्याने केलं आणि डिपोर्टेशन मागे लागलं. कोर्टाने ठरवलं की हा धोका सांगणं वकिलाचं कर्तव्यच आहे. त्यावर तो आत जाऊन आलेला माणूस म्हणाला, वकील निदान चुकला तर कोर्टात जाता येतं, मला सल्ला देणारा माझा मेव्हणा होता, त्याच्यावर कुठे अपील करू? वर्ग हसला. मीही हसले.

आता प्रकरण.

नगरकडचं एक तरुण जोडपं, मंडळाच्या दिवाळीत ओळख झालेली. ऑगस्ट २०२२ पासून एका खाजगी मालकाच्या घरात भाड्याने, जानेवारी २०२५ च्या शेवटी घर सोडलं. डिपॉझिट तीन हजार. कॅलिफोर्नियात मालकाने २१ दिवसांत डिपॉझिट परत करायचं किंवा कशाचे किती कापले त्याची यादी द्यायची, आणि दुरुस्ती न् सफाई मिळून १२५ डॉलरच्या वर गेली तर पावत्या जोडायच्या. यांना ३४ व्या दिवशी एक पाकीट आलं. रंगकाम १४००, ओटा ८५०, कार्पेट ६००, आणि उरलेल्या १५० डॉलरचा चेक. पावती एकही नाही. ओट्याच्या पुढे लिहिलेलं, "पिवळे कायमचे डाग".

ती पोरगी फोनवर जवळजवळ रडत होती. "ताई, दोन वर्षं मी त्या ओट्यावर मिक्सरसुद्धा टॉवेल घालून ठेवायचे, आणि तो म्हणतो तुमच्या स्वयंपाकामुळे!" मालकसुद्धा आपल्याच देशातला, त्याच्याही घरी फोडणी होतच असणार, त्यामुळे ते वाक्य जास्त लागलं असावं. नवरा मागून म्हणाला, "ताई, तुम्ही वकील आहात ना, एक कडक लेटर द्या, बास."

तुम्ही वकील आहात ना. तीन वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. इथे मी अमक्याची बायको किंवा तमक्याची आई, आणि कॉलेजात वयाने मोठी विद्यार्थिनी. हे मी सबब म्हणून सांगत नाही, पण प्रकरणाचा अभ्यास करायचा तर हे वाक्य पुराव्यात घ्यायलाच पाहिजे, कारण त्यानंतरचं सगळं त्या एका वाक्यामुळे झालं.

त्या रात्री मी लेटर लिहिलं. इंग्रजीत लिहिलं पण डोक्यात साताऱ्याचाच सूर चालू होता, "आमचे अशिलांनी दिलेल्या माहितीवरून व अधिकारान्वये आपणांस कळविण्यात येते की". दीड पान. सिव्हिल कोडचं कलम १९५०.५ टाकलं, २१ दिवस टाकले, पावत्या टाकल्या. ठणकावून लिहिलं की मुदत उलटल्यामुळे आता तुम्हाला एक डॉलरसुद्धा कापायचा हक्क राहिलेला नाही. आणि पैसे दहा दिवसांत आले नाहीत तर कोर्टात डिपॉझिटच्या दुप्पट दंडही मागू, कारण बदहेतूने पैसे अडवले तर कायद्यात तशी तरतूद आहे. त्या पोराने विचारलं होतं, "दुप्पट मागू का नको, ताई?" मी म्हटलं होतं, "टाकाच. मागितल्याशिवाय मिळत नाही." खाली माझं नाव, आणि नावाखाली "पॅरालीगल स्टुडंट". नुसतं नाव मोकळं मोकळं वाटत होतं म्हणून. पोराने ते पाठवायच्या आधी चॅटजीपीटीला दाखवलं, त्याने सांगितलं अतिशय प्रभावी आहे.

चौथ्या दिवशी मालकाची ईमेल, मला सीसी. डिपॉझिटबद्दल एक ओळ नाही. तुम्ही कोण? कुठल्या वकिलाकडे काम करता? तुमचा बार नंबर काय? विनापरवाना वकिली हा कॅलिफोर्नियात गुन्हा आहे, मी स्टेट बारकडे (वकिलांना परवाने देणारी राज्याची संस्था) तक्रार करणार आहे.

मी ती ईमेल भाजी चिरताना वाचली आणि सुरी खाली ठेवली. विनापरवाना वकिलीचं कलम ६१२६ मला माहीत होतं, मिसडिमीनर, म्हणजे छोट्या वर्गातला गुन्हा, एक वर्षापर्यंत काउंटी जेल किंवा हजार डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. आम्ही ग्रीन कार्डच्या रांगेत. पोटात गोळा आला. नवऱ्याला संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही, सांगितल्यावर तो आधी गप्प बसला आणि मग म्हणाला, "पैसे घेतले होतेस का?" मी म्हटलं नाही. तो म्हणाला मग काय झालं. हाच तो गैरसमज. फुकट दिलेला सल्लासुद्धा सल्लाच असतो, विनापरवाना वकिली ठरायला फी घ्यायलाच हवी असं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रोफेसरच्या ऑफिस अवर्सला गेले. बाई बरीच वर्षं पब्लिक डिफेंडर, म्हणजे गरीब आरोपींच्या सरकारी वकील, होत्या, आता संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ आम्हाला शिकवतात. इथे प्रोफेसरला पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत, माझ्या तोंडून अजून मॅमच निघतं. मी लेटर आणि ईमेल दोन्ही पुढे ठेवलं. त्यांनी पहिलंच वाक्य म्हटलं, की मी तुझी प्रोफेसर म्हणून बोलतेय, तुझी वकील म्हणून नाही, खरंच काळजी वाटत असेल तर वकील गाठ. तेव्हा मला वाटलं किती कोरडी बाई! नंतर कळलं की जी रेघ मी ओलांडली होती तीच त्यांनी माझ्यासमोर आखली होती, आणि आखून मग आत जेवढी जागा होती तेवढ्यात मला मदत केली.

त्यांनी लाल पेन घेतलं आणि तीन ठिकाणी गोल केले. पहिला गोल सहीखाली, "पॅरालीगल स्टुडंट" वर. यातला दुसरा शब्द वाचणाऱ्याला दिसत नाही म्हणाल्या, पहिलाच दिसतो, आणि वकिलाच्या हाताखाली नसलेल्या माणसाने तो शब्द लेटरखाली लिहायचाच नाही.

दुसरा गोल "दुप्पट" वर. इथे त्यांनी जरा वेळ घेतला. कायद्यात दुप्पट दंडाची तरतूद आहे हे सांगणं म्हणजे माहिती, ती कोर्टाच्या वेबसाइटवर आहे, कुणीही वाचून दाखवावी. तुमच्या केसमध्ये तो मागा, हे सांगणं म्हणजे सल्ला. का? कारण त्यात मालकाचा हेतू बद होता असा अंदाज मी केला, त्या जोडप्याची परिस्थिती एका बाजूला आणि कायदा दुसऱ्या बाजूला ठेवून निर्णय मी दिला. कलम ६४५० मध्ये स्वच्छ लिहिलंय की पॅरालीगलने कायदेशीर सल्ला द्यायचा नाही, आणि देखरेख करणाऱ्या वकिलाशिवाय दुसऱ्या कुणासाठी कुठलंही कायदेशीर कागदपत्र निवडायचं नाही, समजावून सांगायचं नाही, लिहायचं नाही की सुचवायचंही नाही. म्हणजे मी पूर्ण पॅरालीगल असते तरी हे करता आलं नसतं. सर्टिफिकेट मिळाल्यावर आपल्याला लोकांची कामं करता येतील असं समजून या कोर्सला येणारे बरेच असतात, मीही त्यातलीच होते की काय असा प्रश्न मला तिथे बसल्या बसल्या पडला.

तिसरा गोल सगळ्यात जास्त लागला, कारण तो परवान्याचा नव्हता, कायद्याचाच होता. "एक डॉलरसुद्धा कापायचा हक्क नाही." त्यांनी विचारलं, हे तपासलंस? मी कलम वाचलं होतं. निकाल? नव्हते वाचले. ग्रॅनबेरी विरुद्ध आयले इन्व्हेस्टमेंट्स, कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्ट, १९९५. मालकाने बदहेतू नसताना मुदत चुकवली तर डिपॉझिट दाबून बसायचा हक्क जातो, ते परत करायला लागतं, पण खऱ्या नुकसानाचे पैसे तो कोर्टात वजावट म्हणून पुढे करू शकतो. म्हणजे माझं ठणकावून लिहिलेलं वाक्य अर्धं खरं होतं, आणि त्या अर्ध्यावर विसंबून ते जोडपं कोर्टात निर्धास्त गेलं असतं. ज्या आठवड्यात मी ते लेटर लिहिलं त्याच आठवड्यात वर्गात आम्ही वेस्टलॉवर (निकाल शोधायचा ऑनलाइन संग्रह) एखादा निकाल अजून चांगला कायदा आहे का ते कसं बघायचं हे शिकत होतो, आणि बाईंनी माता विरुद्ध आव्हियांकाची गोष्ट सांगितली होती, २०२३, न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे निकाल कोर्टात दिले आणि पाच हजार डॉलर दंड बसला. त्यावर मी वर्गात मान हलवली होती, असे कसे लोक असतात म्हणून.

सनदीचंही तिथेच निघालं. बाईंनी विचारलं तू भारतात परवानाधारक होतीस ना, मग तुला माहीत आहे का की दुसऱ्या देशात वकिलीचा चालू परवाना असलेल्याला कॅलिफोर्नियात एलएलएमशिवाय थेट बारची परीक्षा देता येते? मला माहीत नव्हतं. दोन सेमिस्टर मी ज्या जिन्याने चढत होते त्याच्या शेजारी लिफ्ट होती. (लिफ्ट वगैरे म्हणायला ठीक, ती परीक्षा भल्याभल्यांना पाडते. आणि साताऱ्यातल्या मुदतीच्या अर्जांवर ती सुटत नाही.) त्या दिवशी तरी मला त्याचा आनंद झाला नाही. सनद कपाटात असणं आणि इथे बोलायचा हक्क असणं यात काय अंतर आहे तेच तर समोर पडलं होतं, आणि कपाटातल्या सनदीच्या जोरावरच मी बोलले होते.

मग निस्तरायचं. मी जोडप्याला लेखी कळवलं की मी इथे वकील नाही, माझ्या लेटरमधल्या कायद्याच्या बोलण्यावर विसंबू नका, आणि काउंटीच्या स्मॉल क्लेम्स (छोट्या रकमेच्या दाव्यांचं कोर्ट) ॲडव्हायझरला फोन करा, ते फुकट असतात आणि त्याच कामासाठी असतात. मालकाला दोन ओळी, की मी वकील नाही, यात यापुढे मी नाही. त्याने तक्रार केली की नाही कळलं नाही, मला तरी काही आलं नाही. महिनाभर मात्र पोस्टाची पेटी उघडताना हात थंड पडायचे.

जोडप्याला राग आला. रागच, दुसरा शब्द नाही. "ताई, एका लेटरला एवढं काय घाबरता? आपल्याकडे कुणीही देतो लिहून." खरंय, देतो. कोर्टाच्या आवारात झाडाखाली टेबल टाकून बसलेला टायपिस्टसुद्धा पक्षकाराला सांगतो की साहेब, यात कलम अमुक टाका, आणि त्याचं बहुतेक वेळा बरोबर असतं. आपल्याकडे नोटरीसुद्धा बहुधा काळ्या कोटातला वकीलच असतो, त्यामुळे इथल्या नोटरीकडे बघतानाही आपला घोळ होतो. इथला नोटरी फक्त सही तुमचीच आहे एवढं बघतो. स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांत याच शब्दावरून केवढी फसवणूक होते, कारण त्यांच्या देशांत नोतारिओ म्हणजे मोठा कायदेपंडित, आणि इथे कुणीही पाटी लावून इमिग्रेशनचे फॉर्म भरतो आणि लोकांचे अर्ज कायमचे बिघडवतो. माझ्या लेटरने कुणाचं घर बुडणार नव्हतं हे मला कळतं. पण जे लोक तसलं करतात त्यांच्यातही थोडेफार माझ्यासारखे, मदत म्हणूनच सुरू केलेले असणार, असं मला राहून राहून वाटतं. मंडळात अर्थातच पसरलं. एवढं शिकून उपयोग काय, साधं लेटर देत नाही. ते मी गिळलं.

स्मॉल क्लेम्सबद्दल सांगायचं तर ते कोर्ट मला मनापासून आवडलं. माणसाला १२,५०० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, आणि सुनावणीत सहसा वकील चालतच नाही, दोन्ही पक्षांनी स्वतः बोलायचं. म्हणजे जिथे वकिलाला मज्जाव तिथे मी वकिली करायला निघाले होते! जोडप्याने ॲडव्हायझरशी बोलून फॉर्म एससी-१०० स्वतः भरला. दुप्पट मागायचं त्यांचं त्यांनी ठरवलं, २८५० आणि वर ६०००, एकूण ८८५०, फी ७५ डॉलर.

यात एक काम मात्र मला उजळ माथ्याने करता आलं. मालकाला कागद बजावायचे होते. त्या दाव्यात पक्षकार नसलेला, अठरा पूर्ण झालेला कुणीही माणूस ते करू शकतो, सुनावणीच्या किमान १५ दिवस आधी. आपल्याकडे बेलीफ करतो ते. मी बाईंना विचारून घेतलं आणि जोडप्याला म्हटलं, हे मी करते. शनिवारी सकाळी गेले तर दार उघडलं मालकाच्या वडिलांनी, भारतातून आलेले, बनियनवर शाल. मुलगा बाहेर गेलाय म्हणाले, आणि आत या, पाणी घ्या. घरातल्या मोठ्या माणसाकडे देऊनही बजावणी होते पण मग पोस्टाने प्रत धाडा, दहा दिवस मोजा, ती वेगळी कटकट, हातात दिलेलं सगळ्यात पक्कं. मी पाणी प्यायले, कागद पर्समध्येच ठेवून परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, मालक गाडी धूत होता, त्याच्या हातात दिले, काय आहे ते सांगितलं आणि निघाले. "तुम्हीच का त्या?" त्याने मागून विचारलं. मी म्हटलं, मी फक्त कागद द्यायला आले. गाडीत बसून एससी-१०४, म्हणजे बजावणी केल्याचा फॉर्म, भरला, तारीख, वेळ, पत्ता, सही. नावाखाली काही लिहिलं नाही.

सुनावणी जूनमध्ये, बारा मिनिटं. मी मागच्या बाकावर, तोंड बंद. जज वकिलांमधून आलेला तात्पुरता. गंमत पुराव्याची झाली. त्या पोरीने घर घेतलं तेव्हा पहिल्याच दिवशी नगरला आईला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले होते, हे बघ आमचं किचन, ही बघ बाल्कनी. तेच तिने तारखांसकट छापून आणले. हॉलच्या भिंतीवरचे खिळ्यांचे खड्डे आणि खरवडलेला रंग त्यात आधीपासून दिसत होता, त्यामुळे मालकाचे रंगाचे १४०० तिथेच गळाले, शिवाय अडीच वर्षांत रंग जुना होणारच, त्याचे पैसे भाडेकरूकडून घेता येत नाहीत. कार्पेटचंही तसंच. पण त्याच फोटोत ओटा लख्ख पांढरा होता. एकही डाग नाही. पोरीचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला. (मालकांनी फोटो काढून ठेवायचेच अशी सक्ती १ एप्रिल २०२५ पासून आलीय, यांनी घर त्याआधीच सोडलेलं.) मालकाने कोर्टात ओट्याची एक पावती काढली, ४५० ची, ८५० ची नाही. माझ्या लेटरच्या हिशोबाने मुदत उलटल्यावर तीही चालायला नको होती. चालली. ग्रॅनबेरी.

निकाल पोस्टाने आला. २८५० मधून ओट्याचे ४५० वजा, २४०० डॉलर आणि कोर्टाची फी ७५. दुप्पट दंड नाही, बदहेतू सिद्ध झाला नाही. प्रतिवादीला अपिलाला ३० दिवस असतात, वादीला स्वतःच्या दाव्यावर अपीलच नसतं, हे ऐकून पोरगा चिडला पण मी काहीच बोलले नाही, ॲडव्हायझरचा नंबर पुन्हा पाठवला. मालकाचा चेक २९ व्या दिवशी आला.

मला हे कळलं ऑगस्टच्या शेवटी, गणपतीत. आरती झाली, मी खिरापत वाटत होते, तो पोरगा ताट घेऊन पुढे आला आणि म्हणाला, "ताई, आले हं पैसे. तुम्ही लेटर दिलं म्हणून तो जरा टरकला असणार." मी त्याला सांगणार होते की त्या लेटरमध्ये तीन चुका होत्या, पण मागे रांग होती.